उभ्या पायाचं माप

जळगावात खोली शोधत हिंडणाऱ्या एकट्या माणसाला घरमालक काय काय विचारतात, ते मला पाठ झालं होतं. पगार किती, तंबाखू खाता का, पेटी वाजवता का, गावाकडून पाहुणे येतात का. एकाने तर झोपेत घोरता का असं विचारलं आणि खात्री करून घ्यायला मला भर दुपारी ओसरीवर निजवून स्वतः उशाशी बसून राहिला. मी घोरलो नाही, तो मात्र बसल्या जागी असा घोरला की समोरच्या वखारीतले बैल दावं तोडून पळाले.

आबांनी यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ओट्यावर बसल्या बसल्या ते खाली पाहून म्हणाले, "मास्तर, पाय दाखवा."

मी पायपुसण्याकडे वळलो.

"पुसू नका. पुसलेला पाय म्हणजे पावडर लावून काढलेला फोटो. आहे तसा दाखवा."

मी नुकता शाळेत लागलेला मास्तर. अंगात कोट, डोक्याला टोपी, खिशात सर्टिफिकिटं. त्या सगळ्यासकट एका पायावर उभा राहिलो आणि दुसरा आबांच्या हातात दिला. कापसाचा दलाल बोंडातला धागा ओढून पाहतो तसं त्यांनी माझं एकेक बोट ओढून पाहिलं. ते होतेही कापसाचे दलाल, आणि मोठे दलाल. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी बोटांच्या बेचक्या पाहिल्या, नखांचे कोपरे पाहिले, तळव्यावर टिचकी मारली आणि निकाल दिला, "बोटं चांगल्या घरची आहेत. टाचा मात्र उनाड."

घरातून त्यांची धाकटी मुलगी गरम पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती वाकून पाहत म्हणाली, "आबा, ह्या भेगांत हरभरा पेरला तर उगवेल."

"उगवला तर हुळा भाजू," आबा म्हणाले. "मास्तर, खोली तुमची."

भाड्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं. माझं गाव, आडनाव, मामाचं घर कुठलं, ही चौकशी त्याच्याही नंतर. पाय आधी पास झाले होते, बाकी सगळी तोंडी परीक्षा.

आबांचं घर म्हणजे पायांचं संस्थान होतं. दारात एक सपाट दगड आणि त्यावर पाण्याचं घंगाळ. बाहेरून आलेला माणूस, मग तो व्यापारी असो, भटजी असो की आबांचा सख्खा मेहुणा, त्या दगडावर थांबल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. पाय धुवायचे हे तर कुणीही सांगेल. आबांचं लक्ष पुसण्यावर. "दोन बोटांच्या मध्ये ओल राहिली म्हणजे घरात चोर राहिला," असं ते म्हणत आणि आम्हा भाडेकऱ्यांच्या बेचक्यांत कोरडं फडकं फिरलं की नाही, ते दिवा धरून पाहत. मेहुण्याने एकदा ओल्या पायांनी आत पाऊल टाकलं, तेव्हा त्याला जेवणाच्या पाटावरून उठवून परत दगडावर नेला होता. पुरणपोळी पानात, मेहुणा दगडावर.

आता ज्याने खानदेशातला पावसाळा पाहिला नाही, त्याला हा छळ वाटेल. आमची काळी माती ही नुसती माती नव्हे, ती माणसाच्या पायाला लागली की नात्यासारखी चिकटते. चार पावलं चाललं की तळव्याला चार बोटं थर. आमच्या गल्लीतला बुटका शिंपी आषाढात बाजाराला जाऊन यायचा तेव्हा चिंचेच्या खालच्या फांदीला त्याचं डोकं लागायचं. आणि त्या मातीत दिवसभर भिजलेल्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या की धडधाकट माणूस बदकासारखा चालायला लागतो. आबांच्या घरात मी इतके पावसाळे काढले, एकदाही चिखल्या झाल्या नाहीत. माझ्या शाळेतले बाकीचे मास्तर श्रावणात फळ्यापर्यंत जायचं टाळत आणि पोरांना तोंडी गणितं घालत. मी सगळा भूगोल नकाशासमोर उभा राहून शिकवला.

घरात काकूंना, म्हणजे आबांच्या बायकोला, या सगळ्याचा वीट आला होता असं त्या म्हणत. "देवापुढे समई नंतर लागते, ह्यांच्या टाचांना तेल आधी लागतं," असं शेजारणीला सांगत. पण सांगताना पदर सावरून आपली पावलं जरा पुढे करत. साठीला आलेल्या बाईची ती पावलं, टाचेला केसाएवढी रेघ नाही. शेजारीण बिचारी आपले पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची.

पहाटे आबा आम्हाला मेहरूणच्या तळ्याकाठी न्यायचे, वहाणा हातात घेऊन, दवातल्या गवतावर चालायला. परत आल्यावर तळवा उलटा करून पाहायचा. सराटा घुसला आहे का, कातडी कुठे चिरली आहे का. "तोंड रोज आरशात बघता," ते म्हणायचे, "त्यात काही फरक पडलेला मी तरी पाहिला नाही. तळवा बघा. तळवा सुधारतो."

माझ्या शाळेतही ते येऊ लागले. हेडमास्तरांनी नाही म्हणून पाहिलं, पण आबांनी हेडमास्तरांच्याच पायाचं जुनं कुरूप पंधरवडाभर गरम पाण्याचा शेक आणि एरंडेल देऊन मऊ केलं, आणि मग शाळेचं फाटक कायमचं उघडं झालं. दर शनिवारी पोरं ओळीने बसत आणि पाय पुढे करत. अनवाणी पोरांना आबा कधी लाजवत नसत. "उघडा पाय वाईट नाही रे, न पाहिलेला पाय वाईट," म्हणायचे. त्यांचा राग जोडेवाल्या पोरांच्या बापांवर. आमच्याकडे वाढत्या अंगाच्या पोराला जोडा घ्यायचा तो पुढच्या तीन दिवाळ्यांच्या हिशेबाने, आणि मधल्या पोकळीत कापूस कोंबायचा. कापसाला काय तोटा! एका शनिवारी आबांनी सगळ्या वर्गाच्या जोड्यांतला कापूस काढून हेडमास्तरांच्या टेबलावर ढीग घातला.

"हेडमास्तर, ह्यात एक गादी होईल. ह्या पोरांची पावलं जोड्यात राहतात की परगावी?"

पुढे अंगठ्याएवढी जागा रिकामी ठेवायची, त्याहून जास्त नाही, कमी तर मुळीच नाही, हे आमच्या पोरांना पाढ्यांआधी पाठ झालं. आणि त्याचा परिणाम ऐका. धुळ्याला शाळाशाळांच्या शर्यती होत्या. आमची पोरं पळाली ती अशी की धुळ्याची पोरं त्या धुळीत दिसेनाशी झाली. त्यातलं एक अजून सापडायचं आहे असं म्हणतात. बक्षिसाची ढाल घेऊन आम्ही स्टेशनावर उतरलो तेव्हा आबा हजर होते. ढालीकडे त्यांनी पाहिलंही नाही. पोरांना बाकावर बसवून एकेकाचे तळवे पाहिले, कुणाला फोड नाही अशी खात्री केली, आणि मगच, "शाबास!" म्हणाले, आणि टोपी काढून डोळे पुसले.

पण आबांची खरी कीर्ती होती ती मापाची. त्यांच्या पेढीवर खाकी कागदाची गुंडाळी असे आणि कानावर पेन्सिल. जळगावात ज्याला नवा जोडा करायचा, तो आधी आबांकडे जाई. बाजारातला मोची उस्ताद तर गिऱ्हाईक आलं की हात पुढे करून म्हणायचा, "आबा का कागज लाव." आबा माप घेत ते संध्याकाळी, दिवसभर चालून पाय फुलल्यावर, आणि माणसाला दोन्ही पायांवर सरळ उभं करून. "बसलेला पाय लाजतो," हे त्यांचं वाक्य, "उभा पाय खरं बोलतो." अंगावरचं ओझं पडलं की पाऊल पसरतं, आणि जोडा त्या पसरलेल्या पावलाला हवा.

यात ते कुणाची भीड धरत नसत. एकदा मामलेदार आले. खुर्चीत बसूनच त्यांनी पाय पुढे केला. आबांनी कागद गुंडाळला.

"रावसाहेब, उभे राहा."

"माझ्यापुढे लोक उभे राहतात, आबा."

"मग तुमच्या पायांना उभं राहायचं कामच नाही. त्यांना जोडा कशाला? मोजे विणून घ्या."

मामलेदार उभे राहिले. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता थोरलीच्या लग्नाचं सांगतो. कारण आबा काय माणूस होते ते मामलेदारापुढे कळत नाही, तिथे कळतं.

आबा मुलगा पाहायला अमळनेरला गेले होते. परत आल्यावर काकूंनी विचारलं, "कसा आहे दिसायला?"

"उत्तम. अंगठा सरळ, करंगळी मोकळी, घोटा कोरल्यासारखा."

"अहो, नाक कसं आहे?"

आबांनी बराच विचार केला. "असावं," ते म्हणाले.

काकूंनी कपाळावर हात मारला. पण आबांनी घर पक्कं केलं होतं. मुलाच्या घरी तेलाची घाणी होती. "ज्या घरात तेल निघतं, त्या घरात माझ्या पोरीच्या टाचांना भेग पडायची नाही," एवढ्यावर त्यांनी सोयरीक जुळवली. थोरली दाराआडून ऐकत होती, ती हसून आत पळाली.

नवरदेवाचा जोडा मुलीकडून जायचा. तो आबा दुसऱ्या कुणाच्या मापाने करू देतील हे शक्यच नव्हतं. साखरपुड्याला ते खाकी कागद आणि पेन्सिल घेऊन गेले, माप घेऊन आले, आणि उस्तादाने असा जोडा केला की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. लाल कातडं, वर जरीची वेल. जोडा अमळनेरला गेला. आबा आठवडाभर गल्लीतून असे चालत होते जणू तो जोडा त्यांच्याच पायात आहे.

वैशाखातलं लग्न. वऱ्हाड गाडीने आलं आणि गावाबाहेरच्या मारुतीपाशी उतरलं. तिथे सीमांतपूजन. नवरदेव चौरंगावर बसलेला, भोवती दोन्हीकडचे लोक, सनईवाल्याने गाल फुगवलेले. मुलीच्या बापाने जावयाचे पाय धुवायचे, गंध लावायचं, आणि मग नवरदेवाने तोच जोडा घालून मांडवापर्यंत चालत यायचं. त्यांच्या घराण्यात नवरदेव चालतच येतो. त्यांचा कुणी पणजोबा वरातीच्या घोड्यावरून थेट तापीत पडला होता म्हणे, तेव्हापासून घोडा नुसता बाजूने चालतो.

पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता, म्हणून मी अगदी जवळून पाहिलं. आबांनी वाकून उजवा जोडा काढला. नवरदेवाने डोळे मिटले. मोजा निघेना. तो टाचेला चिकटला होता.

भटजी म्हणाले, "आबा, पाणी घाला."

आबांनी लगेच पाणी घातलं नाही. खिशातून चष्मा काढला. मोजा भिजवून हळूच सोलला, आणि पाय दोन्ही हातांत घेऊन बसून राहिले. टाच सोलून निघाली होती, करंगळीजवळचा फोड फुटून पिकला होता, आणि पाऊल घोट्यापर्यंत सुजून लाल झालं होतं. तसं पाऊल आमच्या शाळेतल्या पोराचं असतं तर आबांनी त्याच्या बापाला फळ्यापाशी उभा केला असता.

"कधीपासून?" आबांनी विचारलं.

"काही नाही, मामंजी."

"कधीपासून?"

नवरदेव खाली पाहत म्हणाला, "जोडा आला तेव्हापासून. सवय व्हावी म्हणून रोज घालत होतो. जरा... तंग होतो. पण तुम्ही स्वतः माप घेतलेलं. तंग आहे म्हणायचं कसं?"

एवढ्यात त्याचे वडील पुढे आले. त्यांचा आवाज घाणीच्या लाकडासारखा करकरणारा. "आबा, काय करी ऱ्हायनात? पाय पूजाले दिधा शे, तपासाले नही!"

"ह्या पायात जोडा जाणार नाही," आबा म्हणाले. "पाय पिकलाय. रेटलात तर लंगडा होईल पोरगा."

"म्हणजे आमचा नवरदेव अनवाणी येईल मांडवात? सासऱ्यानं जोडा दिला नाही म्हणतील, नाहीतर पोराच्या पायात खोट आहे म्हणतील. दोन्हीत नाक आमचंच जाईल. जोडा घालून चालेल, नाहीतर चालणारच नाही." मग ते मागे वळून सगळ्या वऱ्हाडाला ओरडले, "चला रे बठ्ठा, स्टेशनवर चला!"

सनई थांबली. वऱ्हाडातले काही जण खरंच पेट्या उचलू लागले. आणि मग व्याह्यांनी ते म्हटलं जे सगळ्यांच्या मनात आलं होतं, "जोडा तर तुमचाच शे ना, आबा? साऱ्या खानदेशचं माप घेणारे तुम्ही!"

गर्दीत उस्ताद उभा होता, आमंत्रण होतं त्याला. त्याचं तोंड उतरलं. आबांनी नुसतं त्याच्याकडे बोट केलं असतं तरी सुटले असते. शिवताना चूक झाली म्हणाले असते, तर मोच्याचं कोण ऐकतं? किंवा मुलाने जोडा नीट घातला नाही म्हणाले असते. घरी मांडवात हळद लागलेली थोरली बसली होती. लग्न मोडायला एवढं पुष्कळ होतं, आणि सावरायला एक लहानशी थाप पुरली असती. मी तर दोन तयार ठेवल्या होत्या.

आबा उठले. त्यांचं शहरी मराठी अशा वेळी गळून पडायचं आणि अहिराणी तोंडात यायची.

"जोडा मना शे," ते म्हणाले. "माप बी मी लिधं. चूक मनी शे."

पेट्या उचललेले वऱ्हाडी थांबले.

"पाटावर बसले होते जावईबापू," आबा म्हणाले. "सकाळची वेळ. सगळ्या जळगावला मी उभं केलं, मामलेदाराला उभं केलं. पण पाटावर बसवलेल्या जावयाला उठा कसं म्हणायचं? जीभ रेटेना. बसल्या पायाचं माप घेतलं. मी भीड धरली, ह्यांनी भीड धरली, आणि भोगलं ह्या पायानं."

मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, कापसाच्या जिनात जा. रुई भरलेल्या गाड्या आणा. असतील तेवढ्या."

आता यापुढचं जे सांगतो त्यावर जळगावाबाहेर कुणाचा विश्वास बसत नाही. मारुतीपासून मांडवापर्यंत आबांनी कापूस अंथरला. नवा, सरकी काढलेला, पांढराशुभ्र. गाड्या रिकाम्या होत होत्या आणि आबांचे सोबती दलाल धोतरं खोचून रुई पसरत होते. वाऱ्याने उडू नये म्हणून बायकांनी घागरीने पाणी शिंपडलं. वर घिरट्या घालणाऱ्या घारीला वाटलं असेल, जळगावात दुधाचा पूर आला. गावातली एकूण एक शेळी त्या वरातीत सामील झाली आणि शेपटाकडून रस्ता खात आली.

तोवर आबांनी जावयाचा पाय उकळलेल्या पाण्याने धुतला, स्वच्छ कापडाची पट्टी बांधली. जखमेवर लावायची हळद लग्नात कुठे मागायला जावं लागलं नाही. मग सनई लागली. पुढे आबा, अनवाणी, एकेक पाऊल दाबून पाहत, कुठे सरकी किंवा काटा राहिला नाही ना म्हणून. मागे नवरदेव, उघड्या पायांनी, कापसावरून. असा नवरदेव खानदेशात कुणी पाहिला नव्हता. लोक गच्च्यांवर चढले.

व्याही रागाने रस्त्याच्या कडेकडेने चालत होते. थोड्या वेळाने पाहतो तर त्यांचे जोडे त्यांच्या हातात, आणि ते कापसावर.

"मऊ शे," ते कुणाकडेच न पाहता म्हणाले.

पुढे अमळनेरात ते ही गोष्ट सांगत. त्यांच्या सांगण्यात तो कापूस दर वर्षी लांबत गेला आणि शेवटी भुसावळपर्यंत पोचला. लोक मला फेकतो म्हणतात, त्यांनी व्याह्यांना ऐकायला हवं होतं.

सप्तपदीला मी पाहिलं, थोरलीची चाल एरवी झपझप, आबांच्या हाताखाली तयार झालेली. त्या दिवशी तिने पावलं आखूड टाकली. पुढे न पाहता, खाली पट्टीकडे पाहत. नवरदेवाने तेव्हाच पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

पाय बरा झाला. सासरच्या तेलाने आणि थोरलीच्या धाकाने. तो लाल जोडा आबांनी परत मागून घेतला आणि पेढीवर आपल्या गादीच्या वर खिळ्याला टांगला. माप द्यायला येणारा विचारी, हा कुणाचा? आबा एकही शब्द न गाळता सगळं सांगत आणि मग म्हणत, "हं, उभे राहा."

दिवाळीला जावई पहिल्या सणाला आले. काकूंनी पाट मांडला, रांगोळी घातली, वाती लावल्या. जावई पाय धुऊन, बेचक्या पुसून आत आले आणि पाटाकडे वळले. आबा आडवे आले. संध्याकाळची वेळ, घरात सगळं गोत.

"जावईबापू," आबा म्हणाले, "बसू नका."

काकूंनी हातातलं तबक खाली ठेवलं. आबांनी जमिनीवर खाकी कागद पसरला, कानावरची पेन्सिल काढली आणि जावयाच्या पायाशी गुडघे टेकले. "उभे राहा. दोन्ही पायांवर. सगळं ओझं टाका."

जावई उभे राहिले, ताठ. आबांनी सावकाश रेघ ओढली. त्या मापाच्या जोड्याने जावयाला पुढे कधी फोड आला नाही.

तेव्हापासून त्या घराची रीत पडली. जावई आला की आधी कागदावर उभा करायचा, मग पाट. एरवी जावयाला उभं ठेवणं म्हणजे केवढा अपमान! आमच्याकडे तो मान आहे. आबा थकले, त्यांचे हात कापू लागले, तरी रेघ त्यांनी दुसऱ्या कुणाला काढू दिली नाही. त्यांनी शेवटचं माप घेतलं ते धाकटीच्या नवऱ्याचं. घरात गोत जमलेलं, वाती लावलेल्या, पाट मांडलेला. त्यांनी माझ्या पायाशी गुडघे टेकले, चष्मा नाकावर घेतला, टाचेवरून अंगठा फिरवला आणि दाराशी उभ्या असलेल्या आपल्या मुलीला म्हणाले, "पाहिलंस? आता हरभरा उगवायचा नाही."